महाबळेश्वर नंतर, आधी गुरुवारची सकाळ

प्रश्न : मी चाकणला एका कारखान्यात नोकरी करतो. सकाळी सातला कंपनीची बस, घरी यायला संध्याकाळचे पावणेसात होतात. सुट्टी गुरुवारी. पत्नी एका सीए फर्मचं काम घरून करते, मुख्यतः जीएसटी आणि टीडीएस. मुलगी चार वर्षांची, ज्युनिअर केजीत. मुलगा दहा महिन्यांचा. आई आमच्याकडेच असते, तिचे गुडघे दुखतात. पत्नी किती ओढते हे मला दिसतं. त्याचं काहीतरी कौतुक करावं म्हणून लग्नाच्या वाढदिवसाला, 18 तारखेला, तिला न सांगता महाबळेश्वरला दोन रात्रींचं बुकिंग केलं. कळल्यावर ती "आत्ता नको" म्हणाली आणि रडायलाच लागली. शेवटी रद्द केलं. काय हवं ते सांग म्हटलं तर "काही नको" म्हणते. आई म्हणते, घरीच तर असते, त्यात एवढं काय? मला तिच्यासाठी मनापासून काही करायचं आहे. काय करू?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : जीएसटीचं काम करणारं माणूस 18 तारखेला गावाला जात नाही. तुमच्या पत्नींना महाबळेश्वर नको होतं असं नाही. त्या आठवड्यात त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती, आणि ते घरातल्या सगळ्यांत जवळच्या माणसाला ठाऊक नव्हतं. रडू बहुधा त्याचंच होतं.

त्यांचा महिना कसा जातो ते बघा. 7 तारखेपर्यंत टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचा, भरणा. 11 पर्यंत जीएसटीआर-1, म्हणजे क्लायंटच्या विक्रीचा तपशील. 14 ला पोर्टलवर टू-बी नावाचं विवरणपत्र तयार होतं; खरेदीवर दिलेल्या करापैकी किती कराचं क्रेडिट क्लायंटला मिळणार ते त्यात दिसतं. मग क्लायंटचं खरेदी रजिस्टर त्या टू-बीशी एकेका बिलाने जुळवायचं, जी बिलं दिसत नाहीत त्यांच्यासाठी फोन करत बसायचं, चलान काढायचं, क्लायंटकडून ओटीपी मागवायचा आणि 20 च्या आत थ्री-बी, म्हणजे महिन्याचा कर भरण्याचं रिटर्न, भरून टाकायचं. चुकलं तर कर देय असलेल्या रिटर्नला दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज. भुर्दंड क्लायंटला पडतो, बोलणी रिटर्न भरणाऱ्याला बसतात.

बिलं जुळवण्याचं हे काम सलग बसून करावं लागतं. मध्येच उठलं की कुठली रक्कम दोनदा धरली आणि कुठली सुटली याचा धागा तुटतो, आणि परत आल्यावर दहा-पंधरा बिलं मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. ओटीपीचं तर आणखी वेगळं. तो काही मिनिटंच चालतो. क्लायंटने फोनवर आकडे सांगायला घेतले आणि त्याच क्षणी बाळाने भोकाड पसरलं की ओटीपी पुन्हा मागवायचा, आणि त्यासाठी त्याच क्लायंटला पुन्हा विनवायचं.

आता याच 14 ते 20 तारखांत तुमचं दहा महिन्यांचं बाळ धरा. या वयात मूल 24 तासांत 12 ते 16 तास झोपतं. त्यातल्या दिवसाच्या झोपा साधारण दोन, तास-दीड तासाच्या. बघणाऱ्याला वाटतं, तेवढ्यात काम उरकत असेल. पण पहिल्या झोपेतला निम्मा वेळ कुकर, बाळाचं जेवण आणि त्याचे कपडे यांत जातो, आणि दुसरी झोप लागते तेव्हा लेक शाळेतून आलेली असते. चार वर्षांची मुलं दुपारी झोपतीलच असं नाही. म्हणजे सात-आठ तासांच्या नोकरीसाठी दिवसाउजेडी धड सलग असा एखादा तास हाताला लागतो. बाकीचं काम रात्री दहानंतर. त्यातही रात्री एक-दोनदा बाळ दुधाला उठतं.

"पण आई घरात आहे ना, ती बघते की बाळाला," असं तुमच्या मनात आलं असेल. आई बघतात हे खरं, पण आठ महिन्यांच्या पुढे बाळाला आई नजरेआड झालेली सोसत नाही. दीड-दोन वर्षांच्या आसपास हे ओसरतं. त्यात हट्ट नाही, लाडावून ठेवल्याचा परिणाम नाही. वाढीचा टप्पा आहे. आतल्या खोलीतून आईचा फोनवरचा आवाज आला की बाळ आजीच्या मांडीवरून उतरून रांगत दाराशी येतं आणि दार थापटत राहतं. दाराच्या त्या बाजूला बसून खरेदी रजिस्टर जुळवणं कसं असेल, याचा विचार करा. आणि आजीचे गुडघे धरलेले, बाळाचं वजन साडेआठ-नऊ किलो. त्या उचलून फिरवू शकत नाहीत. त्यांचाही यात दोष नाही.

तुमच्या घरातच असं चाललंय असं नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या टाइम यूज सर्वेक्षणात, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात असं दिसलं, पुरुषांची 88. मुलं-म्हातारी माणसं सांभाळण्यात बायकांची 137 मिनिटं, पुरुषांची 75.

म्हणून कौतुक कसं करू या तुमच्या प्रश्नाला आमचं उत्तर आहे : त्यांच्या कामाचे तास माहीत करून घ्या, आणि घरातली काही कामं मुळापासून शेवटपर्यंत स्वतःच्या अंगावर घ्या. काय करू ते सांग, असं विचारलंत की काम वाटून देण्याचं काम पुन्हा त्यांच्याच डोक्यावर येतं. त्या "काही नको" म्हणतात, कारण सांगण्यापेक्षा करून टाकणं सोपं पडतं.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर 7, 11, 14 आणि 20 या तारखांना लाल पेनाने गोल करा. त्यात 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर, 15 मार्च हे अग्रिम कराचे दिवस आणि आयकर रिटर्नसाठी जुलैचा शेवट, हेही घाला. मुदती कधी पुढे ढकलल्या जातात, तेव्हा पत्नींना विचारून दुरुस्त करा. एवढं झालं की 14 ते 20 या काळात पाहुणे बोलवायचे नाहीत, बाळाची लस, पासपोर्टची अपॉइंटमेंट, गॅसवाला, सोफा धुणारा, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. नातेवाइकांना नाही म्हणायचं ते तुम्ही म्हणायचं. सून नाही म्हणाली की त्याची चर्चा होते, मुलगा म्हणाला की होत नाही. ही रीत चांगली नाही, पण ती बदलेपर्यंत तिचा उपयोग करून घ्या.

आता तुमच्या हातातली सगळ्यांत मोलाची गोष्ट : गुरुवार. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी आणि सीए फर्म, बँका, क्लायंट यांचा तो कामाचा दिवस. बाकीच्या घरांत दोघांची सुट्टी एकाच दिवशी येते, त्यामुळे अशी संधी मिळत नाही. आजवर तुमचा गुरुवार झोप, गाडी धुणं आणि राहिलेली कामं यांत जात असेल. यापुढे सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड हे चार तास दोन्ही मुलं पूर्णपणे तुमच्याकडे. महिन्याला सोळा तास. तेवढ्यात त्यांची दोन-तीन क्लायंटची जुळवणी निवांत होते आणि रात्रीची जागरणं कमी होतात.

हे पार पाडायचं कसं? बाळाला घेऊन घराबाहेर पडा; घरात राहिलात तर दाराचा प्रकार होणारच. साडेनऊला बाळाची पेज किंवा नाचणीचं सत्त्व झालेलं असलं पाहिजे, म्हणजे दहा-साडेदहाची झोप बाबागाडीत किंवा खांद्यावर लागते. पिशवी बुधवारी रात्रीच भरून ठेवा : दोन डायपर, पुसायला ओला रुमाल, कपड्यांचा एक जोड, पाण्याची बाटली, एक पिकलेलं केळं आणि चमचा. ऊन चढायच्या आत, साडेअकराच्या सुमाराला परत या आणि बाळाला जेवायला द्या. लेकीला शाळेतून आणणं गुरुवारी तुमच्याकडे.

जेवण म्हणजे मऊ खिचडी, आणि ती तुम्हाला स्वतःला करता आली पाहिजे. पोहे खायच्या चमच्याने दोन चमचे तांदूळ, एक चमचा मूगडाळ, धुऊन अर्धा तास भिजवलेली. चिमूटभर हळद, वाटी-सव्वा वाटी पाणी. कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या. वरून अर्धा चमचा तूप, आणि चमच्याच्या पाठीने घोटायची. मिक्सरमधून काढायची नाही. दहाव्या महिन्यापर्यंत बाळाला थोडं जाडसर खायची सवय लागली नाही तर पुढे खाण्याची कटकट वाढते. वर्षाच्या आत मीठ-साखर नको आणि मध तर अजिबात नको, आजी चाटवू म्हणाली तरी. एका वेळेला अर्धी वाटी खाल्ली तर पुष्कळ. तोंड फिरवलं की थांबायचं.

यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिल्या दोन गुरुवारी बाळ तुमच्याकडे खूप रडेल, आणि अर्ध्या तासात तुम्ही ते आईकडे नेऊन द्याल. नेऊ नका. तुमच्याजवळ शांत व्हायला त्याला काही दिवस लागतात. रडताना कडेवर घेऊन फिरणारा बाबा असेल तर त्याला काही होत नाही. भूक, ताप, ओला डायपर हे बघायचं आणि थांबायचं. दुसरं, मोबाइल. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको, असं बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते, आणि चार वर्षांच्या मुलीलाही दिवसाला जास्तीत जास्त तासभर. मोबाइलवर शांत बसवलेली मुलं संध्याकाळी आईकडे किरकिरी होऊन परत येतात, म्हणजे तुमचे चार तास तिने सहा तासांनी फेडायचे. तिसरं म्हणजे मागे राहिलेला पसारा. खिचडीचा कुकर, ओले कपडे, सांडलेलं केळं तसंच ठेवून दीड वाजता "आता तुझी पाळी" म्हटलंत, तर पत्नींच्या हाती जमेला काहीच राहिलं नाही.

आणखी एक अडचण याच दिवसाची. महावितरण आपल्याकडे देखभालीची कामं बहुधा गुरुवारीच काढतं. लॅपटॉप बॅटरीवर चालेल, राउटर बंद पडेल. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर ते लिहिलेलं असतं, तेवढाच बघून घ्या. बुधवारी रात्री लॅपटॉप आणि यूपीएस दोन्ही चार्जिंगला लावणं हे तुमचं काम.

इतर दिवशी तुमच्याकडे सकाळचा तास आणि संध्याकाळ आहे. सकाळी सहा ते पावणेसात लेकीचा डबा, दप्तर, तिला उठवणं. चिंचवडला पाणी दिवसाआड, तर पाण्याच्या दिवशी भरणंही त्यातच. संध्याकाळी आल्यावर हातपाय धुऊन, चहा घेऊन सव्वासात ते नऊ : दोघांची जेवणं, बाळाला पुसून कपडे बदलणं, लेकीला गोष्ट सांगून झोपवणं. चौदा ते वीस तारखांना हे रात्री साडेनऊपर्यंत वाढवा, म्हणजे पत्नींचं काम दहाला सुरू व्हायच्या ऐवजी साडेसातला सुरू होईल. रात्री बाराच्या आत त्या झोपल्या तर दुसऱ्या दिवशी सगळं घर सुधारतं. आमच्या मते या यादीतलं एवढं एकच केलंत तर बाकी काही नाही केलं तरी चालेल.

याशिवाय घरातला एखादा विषय कायमचा तुमचा करा, विचारासकट. उदाहरणार्थ लसी. नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस झाली का, कार्ड कुठे आहे, पुढची कधी, डॉक्टरांची वेळ, लस दिल्यावर ताप आला तर वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेली औषधाची मात्रा, आणि ती बाटली घरात आहे का. हे सगळं तुमच्या डोक्यात असलं पाहिजे. "उद्या लस आहे, विसरू नकोस," हे त्यांना तुम्हाला सांगावं लागलं, तर विषय अजून त्यांच्याकडेच आहे.

बसण्याची जागाही बघून घ्या. पलंगावर उशी टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसत असतील तर कंबर आणि मान दोन्ही जातात. बाळंतपणानंतर पोटाचे-कमरेचे स्नायू आधीच सैल असतात, त्यात दिवसातून वीस वेळा नऊ किलोचं बाळ उचलायचं. साधारण 29 इंच उंचीचं टेबल, पाय जमिनीवर टेकतील अशी खुर्ची, लॅपटॉपखाली चार-पाच इंचांचा ठोकळा आणि वेगळा कीबोर्ड-माउस. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला हवी. दाराला आतून कडी. सोन्याच्या कानातल्यांपेक्षा हे स्वस्त पडेल आणि रोज वापरात येईल.

आता आईंचं. "घरीच तर असते," असं आई म्हणतात तेव्हा तुम्ही गप्प बसता का? बसत असाल तर पत्नी ते ऐकत असतात. आईंना उलट बोलायची गरज नाही. एखाद्या 19 तारखेला आईंना शेजारी बसवून सांगा की, आई, उद्या संध्याकाळपर्यंत हिला एवढ्या व्यापाऱ्यांचे कर भरायचेत, एक जरी राहिला तरी त्याला दंड पडतो. आईंच्या पिढीने घरकाम भरपूर केलं. स्क्रीनकडे बघत बसलेल्या सुनेचं काम त्यांना कामासारखं दिसत नाही, एवढंच. आकडा आणि मुदत सांगितली की दिसतं. आईंकडून अशी मदत मागा जी गुडघ्यांना झेपेल : बसून मेथी निवडणं, लेकीला गोष्ट सांगणं, दाराची बेल आणि कुरिअर सांभाळणं. बाळाला उचलणं त्यांच्याकडून नको. आणि त्याही दिवसभर बाळाच्या मागे असतात, तर त्यांनाही गुरुवारी दुपारी पडायला मिळू दे.

लोकांसमोर बोलताना पत्नीची ओळख कामाने करून द्या. कुणी विचारलं, वहिनी काय करतात, तर "घर-मुलं सांभाळते, थोडं घरून काम पण करते" असं नको. "जीएसटीचं बघते, पंधरा-वीस क्लायंट आहेत तिच्याकडे" असं, जो खरा आकडा असेल तो. घरी बोलताना "तू किती करतेस" यापेक्षा "काल रात्री त्या अडलेल्या बिलाचं जमलं का?" हा प्रश्न जास्त पोचतो. स्टेटसला फोटो टाकून "माझी सुपरवुमन" लिहू नका. तसं लिहिलं की थकण्याची सोय उरत नाही.

तीन तासांसाठी सांभाळायला मावशी ठेवायच्या का, हा विचार निघेलच. तेव्हा त्यांचा पगार पत्नीच्या पगारातून वजा करून "मग उरतं काय?" असा हिशोब मांडू नका. मुलं दोघांची, तर खर्च दोघांच्या एकत्र उत्पन्नातून. आणि नोकरी चालू राहिली म्हणजे अनुभव, पगारवाढ आणि असला तर भविष्यनिर्वाह निधी चालू राहतो. दोन-तीन वर्षं खंड पडला तर परतताना पगार पुन्हा खालून सुरू होतो. मावशी आल्या तर पहिले पंधरा दिवस पत्नी घरात, पण बाळासमोर असू देत, मग हळूहळू खोलीत.

महाबळेश्वरला जरूर जा. 21 नंतर, 28 च्या आत. तारीख त्यांच्याशी बोलून ठरवा, कारण दहा महिन्यांच्या बाळाबरोबर अचानक निघणं म्हणजे आईला अचानक पाच पिशव्या भरायला लावणं. पिशव्या तुम्ही भरा. घाटात मुलांना मळमळतं, म्हणून निघायच्या आधी तासभर पोटभर खाणं टाळा, आणि पसरणी घाटात मध्ये एकदा थांबा. हॉटेलात बाळासाठी वेगळा मऊ भात मिळतो का ते फोन करून विचारा. आणि तिथे एक सकाळ त्यांना उशिरापर्यंत झोपू द्या. मुलांना घेऊन वेण्णा तलावावर तुम्ही जा.

शेवटची गोष्ट जरा गंभीर आहे. तुम्ही रडण्याचा एकच प्रसंग लिहिलाय, त्यावरून काही ठरवता येत नाही. पण दोन आठवडे किंवा जास्त दिवस सतत उदास वाटणं, बाळ झोपलेलं असतानाही झोप न लागणं, कशातच रस न वाटणं, "मी चांगली आई नाही" असं वारंवार म्हणणं, यातलं काही दिसत असेल तर बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. ते पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं आणि उपचारांनी बरं होतं. नुसता थकवा असेल तरी सीबीसी (रक्तपेशी, हिमोग्लोबिन) आणि टीएसएच (थायरॉइड) या दोन रक्तचाचण्या करून घ्या. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, चहा लोह शोषू देत नाही; लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली. रक्त द्यायला नेताना दोन्ही मुलांची सोय तुम्ही करा. मनाबद्दल बोलायला टेली-मानसचा 14416 हा क्रमांक आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार त्यांनी एकदा जरी बोलून दाखवला, तर त्यांना एकटं न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.